मदत हवी आहे: बायपोलरसाठी सीबीटी, 'पूर्वखुणांची यादी' घरात कशी ठरवलीत? (नाशिक)

नमस्कार मंडळी. दादासाठी विचारतेय. बायपोलर टाइप १ (मूड टोकाचा चढतो-उतरतो तो आजार), आजवर तीन एपिसोड (आजार उसळण्याचे काळ), लिथियम (मूड स्थिर ठेवायची गोळी) चालू, दीड वर्ष स्थिर. डॉक्टर म्हणाले, आता गोळ्यांसोबत सीबीटी (विचार आणि वागण्यावर काम करणारी, बोलण्यातून होणारी थेरपी) करा. 'सोबत' मुद्दाम लिहिलं, कारण काकांनी लगेच विचारलं, "मग गोळ्या सुटतील ना?" सुटणार नाहीत, त्यामुळे तो विषय इथे नको.

उपयोग होतो का, हे थोडं वाचलंय. ब्रिटनमध्ये २००६ साली आलेल्या २५३ रुग्णांच्या अभ्यासात एकूण फरक दिसला नव्हता, पण १२ पेक्षा कमी एपिसोड झालेल्यांना फायदा दिसला. म्हणून आशा आहे.

गेल्या वेळी एपिसोडची सुरुवात द्राक्षांच्या हंगामात झाली. तीन रात्री जेमतेम दोन-दोन तास झोप, तरी गडी ताजातवाना. चौथ्या पहाटे पिंपळगावहून पिकअप भरून द्राक्षं दारात! गच्चीवर बेदाणे करायचे म्हणे. आम्ही सिडकोत चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. निम्मी वाटली, उरलेली जिन्यातच सडली.

तेव्हापासून दादा जरा मोठ्याने हसला की आई वहिनीकडे बघते. परवा तो म्हणाला, "खूश व्हायला आता अर्ज करू का?"

थेरपिस्टने झोप आणि मूडची रोजची नोंद ठेवायला सांगितलीय, शिवाय पूर्वखुणांची, म्हणजे एपिसोड येण्याआधी दिसणाऱ्या खुणांची यादी. दादाने लिहिलं 'झोप कमी'. वहिनीने 'रात्री जुन्या मित्रांना फोन'. आईने 'गाणी म्हणतो'. अहो, तो लहानपणापासून म्हणतो! तुमच्याकडे यादी कोणी ठरवली? आणि टोकायचं कोणी?

प्रतिसाद १: मी स्वतः पेशंट, पंचवटीत राहतो. यादी मीच केली, बरा असताना, बायकोला शेजारी बसवून. एकट्या खुणेवर कोणी बोलायचं नाही. दोन रात्री झोप कमी आणि जोडीला आणखी एक खूण दिसली, तर फक्त बायकोने, एकदाच, आधी ठरलेलं वाक्य म्हणायचं: "डॉक्टरांना फोन लावू या." सगळं घर टोकायला लागलं की मी लपवायला लागतो. मोठी खरेदी सुचली तर ४८ तास थांबायचं आणि दोघांना विचारायचं, हे थेरपीतच शिकलो. गाणं यादीतून काढा.

धागाकर्ती: ४८ तासांचं आजच वहिनीला सांगते, तेवढ्यात द्राक्षं दुसऱ्याला विकली जातील. गाण्याचं आईला पटवणं मात्र अवघड आहे.