ग्राहक कंपनीने पाठवलेला शाश्वततेचा तक्ता भरणे बंधनकारक आहे का? मदत हवी आहे

कुपवाडकर: कुपवाड एमआयडीसीत आमची छोटी फाउंड्री आहे. आम्ही ज्या कंपनीला कास्टिंग पुरवतो, तिच्या खरेदी विभागाने वीज, पाणी, टाकाऊ वाळू आणि कामगारांचे अपघात यांची वर्षभराची माहिती मागणारा तक्ता पाठवला असून शेअर बाजाराच्या नियमामुळे तो आठवड्याभरात हवा आहे, असे कळवले आहे. आमची भागीदारी संस्था आहे, शेअर बाजाराशी आमचा संबंध काय? न भरल्यास दंड होतो का, एवढेच कृपया सांगावे.

अजिंक्यतारा: कंपनी सूचीबद्ध, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेली, आहे का, बाजारमूल्यानुसार तिचा क्रमांक कितवा आणि तिच्या खरेदीत आपला वाटा किती, हे आपण लिहिलेले नाही. 2022-23 पासून पहिल्या 1000 सूचीबद्ध कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजेच व्यवसाय जबाबदारी व शाश्वतता अहवाल, बंधनकारक आहे. नियम सेबीचा, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या नियामक संस्थेचा आहे. अहवाल दाखल होतो तो बीएसई व एनएसई या शेअर बाजारांकडे, आणि तिथे तो कोणालाही वाचता येतो.

शिरवळचा उद्योजक: सरळ छतावर सोलर बसवा. आम्ही बसवल्यापासून असे तक्ते भरायला काहीच वाटत नाही.

अजिंक्यतारा: इंडक्शन फर्नेसचा, म्हणजे विजेवर धातू वितळवणाऱ्या भट्टीचा, भार छतावरच्या सोलरने कितीसा भागणार? शिवाय प्रश्न तो नाहीच.

कुपवाडकर: कंपनी सूचीबद्ध आहे, क्रमांक ठाऊक नाही. आमचा वाटा किरकोळच असणार, कारण त्यांना पुरवठादार भरपूर आहेत. दंडाचे कोणीच बोलत नाही.

मिरजेचा जुना सीए: आपल्याला दंड नाही. पुरवठादारांच्या माहितीची अपेक्षा पहिल्या 250 कंपन्यांकडून आहे, तीही ज्यांचा वाटा खरेदी-विक्रीत 2 टक्के वा अधिक आहे अशांपुरती, आणि सेबीने ती ऐच्छिक ठेवली आहे. मात्र धंदा टिकवायचा असेल तर भरावे, असे माझे मत आहे. वीजबिलांतील युनिटांची बेरीज करून प्रत्येक युनिटला सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरावा, डिझेल जनरेटर असल्यास लिटरला सुमारे 2.7 किलो. वाळूची नोंद नसेल तर तसे स्पष्ट लिहावे, कारण बनावट आकडा पुढे तपासणीत अडकतो.

तासगावचा मास्तर: अशा कंपन्यांकडून सीएसआरचा, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीचा, निधी गावच्या शाळेला मिळू शकतो का? आमच्या शाळेचे छत गळते.

अजिंक्यतारा: मास्तर, सीएसआर कंपनी कायद्याच्या कलम 135 खाली येतो आणि सूचीबद्ध नसलेल्या कंपन्यांनाही लागू होऊ शकतो. कृपया वेगळा धागा काढावा.

वारणाकाठ: हे सगळे कागदी घोडे आहेत. शेअर बाजार केवळ फाइल स्वीकारतो. धुराडे कोण बघतो?

मिरजेचा जुना सीए: पूर्वी तसे होते, पण 2023 च्या बीआरएसआर कोअरनंतर, म्हणजे अहवालातील निवडक मुख्य आकड्यांचा संच ठरल्यानंतर, त्या आकड्यांची त्रयस्थाकडून पडताळणी सुरू झाली. 2023-24 मध्ये ती पहिल्या 150 कंपन्यांना लागू झाली आणि पुढे टप्प्याटप्प्याने वाढत आहे. त्याच आकड्यांत पुरवठादारांची देणी किती दिवसांनी भागवली जातात, हेही कंपनीला सांगावे लागते.

कुपवाडकर: आमची बिले तर तीन-तीन महिने निघत नाहीत! ते या तक्त्यात कुठे लिहायचे?

मिरजेचा जुना सीए: या तक्त्यात त्याला जागा नसावी, ते त्यांच्या अहवालात येते. पण सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे करार असला तरी 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात, हा कायदा वेगळाच आहे. आपली उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी, झालेली आहे का?