शब्दचर्चा: भिकार कोटीवर प्रेक्षक जो आवाज काढतात, त्याला मराठीत काय म्हणायचं?

तिसरी घंटा
एका विनोदी नाटकाचं इंग्रजीवरून रूपांतर करतेय आणि एका शब्दावर गाडी अडली आहे. नाटक म्हणजे जुन्या स्वस्त मासिकांतल्या गुप्तहेर-साहसकथांची टर आहे. लांब कोटातला गुप्तहेर स्वतःच्याच तोंडावर बॅटरी मारत स्वगत म्हणतो. रबरी ऑक्टोपस नायिकेवर झडप घालतो, म्हणजे तीच तो उचलून गळ्याभोवती गुंडाळते आणि मग 'वाचवा' म्हणून किंचाळते. सगळं मुद्दाम खोटं, आणि खोटं आहे हे दिसलंच पाहिजे.

मूळ संहितेत एक पाटीवाला आहे. तो विंगेतून येतो, पाटी वर धरतो आणि प्रेक्षकांनी तसं वागायचं. 'टाळ्या', 'हशा', 'दचका' या तीन पाट्या झाल्या. खलनायक आला की करायच्या 'हिस्स'चं नंतर बघू. अडलंय ते 'ग्रोन'वर. कोटी इतकी वाईट असते की सगळं थिएटर मिळून एक लांबलचक आवाज काढतं. त्यात तक्रार असते, पण ती करताना मजाही येत असते.

मी 'कण्हा' लिहिलं. रंगीत तालमीला चाळीसेक ओळखीची माणसं बसवली होती. प्रवेश असा: इन्स्पेक्टर म्हणतो, "इथे खून झालाय!" गुप्तहेर भिंग काढतो, जमिनीवर लोळण घेतो, उठतो आणि म्हणतो, "खून आहे, पण खूण नाही. खुनी नळातला न वापरणारा दिसतोय, बाणातला ण त्याला येत नाही." पाटी वर. शांतता. एकजण खोकला. मागच्या रांगेतून आवाज आला, "कान्हा? कुठाय कान्हा?" आणि संध्याकाळचा सगळ्यात मोठा हशा त्याला मिळाला.

शुक्रवारपर्यंत पाटी रंगवायची आहे. एकच शब्द हवा, लांबून वाचता येईल असा.

खडूस
कण्हतो तो आजारी माणूस. तापात कण्हतो, बाळंतीण कण्हते. तुम्ही पैसे देऊन आलेल्या माणसाला कण्हायला सांगताय. खोकला त्याचं बरोबर होतं, जवळपासचं लक्षण दिलं त्याने.

शब्दवेडी
'विव्हळा'? नको, त्यात रक्त येतं. 'कुंथा' तर नकोच नको. 'चुकचुका' कसं वाटतं? निदान क्रियापद तरी अस्सल आवाजावरून आलेलं आहे.

तिसरी घंटा
चुकचुकण्यात कीव आहे हो शब्दवेडीताई. माणूस गेल्यावर चुकचुकतात. शिवाय पाल चुकचुकते. चारशे माणसं एकदम चुकचुकली तर नट घाबरून आत जाईल.

हलंत
आपल्याकडे नाही असं म्हणण्याआधी आपल्याकडे काय आहे ते बघावं. भरताच्या नाट्यशास्त्रात सत्ताविसावा अध्याय आहे सिद्धीचा, म्हणजे प्रयोग यशस्वी झाला हे कशावरून ओळखायचं त्याचा. त्यात प्रेक्षकांच्या प्रतिसादांची रीतसर यादी दिली आहे. तोंडाने द्यायचे प्रतिसाद: स्मित, अर्धहास, अतिहास, 'साधु', 'अहो', 'कष्टम्', आणि शेवटी मोठा गजर. अंगाने द्यायचे: रोमांच, जागेवरून उठणं, अंगावरची वस्त्रं काढून नटाला देणं वगैरे. तुमच्या पाटीवाल्याची सगळी पेटी त्यात तयार आहे. तुम्हाला हवा तो शब्द 'कष्टम्'.

खडूस
'कष्टम्' पाटी दाखवलीत तर लोक उठून खुर्च्या उचलायला लागतील. मराठीत कष्ट म्हणजे घाम, दुःख नव्हे. शब्दाचा अर्थ हलला की हलला, त्याला धरून परत जागेवर बसवता येत नाही.

हलंत
'कष्टी' झालेला माणूस घाम पुसत असतो का? अर्थ तिथे शाबूत आहे. तुम्हाला दिसत नाही एवढंच.

विंगेतून
हलंतजी, यादी झकास आहे, पण 'कष्टम्' करुण प्रसंगासाठी आहे ना? सीतेला वनात सोडल्यावर म्हणायचं. नळातल्या न वर नाही. त्याच अध्यायातलं दुसरं मला जास्त आवडतं. प्रयोग मोडायला आलेले वैरी काय काय करतात तेही भरताने लिहून ठेवलंय: आरडाओरडा, शेण फेकणं, ढेकळं फेकणं आणि रंगभूमीवर चक्क मुंग्या सोडणं. मी बरीच वर्षं पडदा ओढतोय. अंडी-टोमॅटो ऐकून आहे, पण मुंग्या! कुणीतरी डबीत भरून आणल्या असणार, आणि नांदी संपेपर्यंत झाकण दाबून बसला असणार.

कोटीभास्कर
मूळ गृहीतकालाच माझी हरकत आहे. कोटी भिकार असते हे कुणी ठरवलं? संस्कृतात 'कोटि' म्हणजे टोक, धनुष्याचं टोक. वादातल्या एका बाजूलाही कोटीच म्हणतात, म्हणून आपण 'कोटिक्रम' म्हणतो. एका शब्दाला दोन टोकं दाखवणं हे बुद्धीचं काम आहे. लोक कण्हतात ते स्वतःला सुचली नाही म्हणून.

खडूस
म्हणजे एक कोटीतला कोटी वेगळा की तोच?

कोटीभास्कर
तोच. संख्येचं टोक. (आता कण्हा.)

अनुस्वार
कण्हलो. आणि कण्हताना माझ्या तोंडून काय निघालं ते लिहितो, कारण या चर्चेत कुणी प्रत्यक्ष आवाज ऐकलेलाच दिसत नाही. निघालं ते 'अरेऽऽऽ'. दुसरा रे नाही. 'अरेरे' म्हणजे हळहळ. पहिल्याच रे वर ओढलं की त्यात 'बास कर', 'काय हे' आणि 'कुठून आणतोस' तिन्ही येतात.

जाता जाता: 'हशा' नव्हे, 'हंशा'. जुन्या छापील भाषणांत वक्त्याने विनोद केला की कंसात (हंशा) किंवा (हंशा व टाळ्या) छापायचे. हसणे धातूला अनुस्वार कुठून चिकटला यावर कुणी बोलेल का?

शब्दवेडी
आमच्या घरी असा एक भाषणसंग्रह होता. मी लहानपणी मोठ्याने वाचताना कंसातलंही वाचायचे आणि आजोबा प्रत्येक वेळी 'हंशा' म्हटलं की खरंच हसायचे. पण त्या कंसात आम्हाला हवा तो आवाज कधी छापलेला आठवत नाही. विनोद पडला तर बातमीदार गप्प बसायचे बहुतेक.

पीजेवाला
सोपं आहे की. 'पीजे!' लिहा. आम्ही कॉलेजात कुणी असलं काही बोललं की सगळे मिळून 'पीऽऽजे' ओरडायचो. लहान पाटी, मोठी अक्षरं.

हलंत
दोन इंग्रजी आद्याक्षरं. वा. मराठी संपली.

पीजेवाला
काका, इंग्रज माणसाला पीजे म्हणा, तो झोपायच्या कपड्यांकडे बघेल. या अर्थाचा पीजे इथेच तयार झालेला माल आहे.

विंगेतून
आणि 'वन्स मोअर'चं काय करणार हलंतजी? नाट्यपदाला आपण वन्स मोअर देतो, शब्द इंग्रजी. पण इंग्रज तेव्हा 'आँकोर' म्हणतो, तो शब्द फ्रेंच. आणि फ्रेंच माणूस 'बिस' ओरडतो, ते लॅटिन. पुन्हा ऐकायचं झालं की प्रत्येकाला परकाच शब्द लागतो. कारण विचारू नका.

बिसवरून आठवलं. पॅरिसच्या ऑपेरात एकोणिसाव्या शतकात भाड्याचे प्रेक्षक असायचे. त्यांच्यात कामं वाटलेली: हसणारे वेगळे, रडणारे वेगळे, 'बिस' ओरडणारे वेगळे, आणि वर एक मुकादम. तिसरी घंटा, तुमच्या पाटीचा प्रश्न शब्दाचा नाहीच. प्रेक्षक पाटी वाचून आवाज काढत नाही, शेजारच्याचा आवाज ऐकून काढतो. चौथ्या रांगेत दोन माणसं पेरा, त्यांना आवाज शिकवा, आणि पाटीवर 'बटाटा' लिहिलंत तरी चालेल.

खडूस
नाहीतरी रंगमंचावर पाट्या टाकण्याचाच प्रकार आहे.

तिसरी घंटा
खडूसराव, पाट्या वाहतोय आम्ही, टाकत नाही आहोत. माणसं पेरायची कल्पना दिग्दर्शकाला सांगते. पण त्या दोघांना शिकवायच्या आवाजाला तालमीत आम्ही एकमेकांत तरी काय म्हणायचं? प्रश्न फिरून तिथेच येतो.

जुना पाना
उशिरा आलो. मला वेगळंच खटकलं. मूळ नाटक ज्यांची टर उडवतंय त्या 'पल्प' कथा. त्याला तुम्ही 'स्वस्त मासिकांतल्या' म्हणालात, पण पल्प म्हणजे कागदाचा लगदा. अमेरिकेत 1896 साली 'आर्गसी' हे मासिक निव्वळ कथांचं झालं आणि लाकडाच्या हलक्या लगद्यापासून केलेल्या कागदावर छापायला लागले, तिथून हा सगळा प्रकार धरतात. त्या कागदात लिग्निन राहतं, म्हणून तो पिवळा पडतो, कडेने बिस्किटासारखा तुटतो. माझ्याकडच्या जुन्या रहस्यकथांचं हेच झालंय. पान उलटलं की मांडीवर चुरा. शेवटचं पान गळून गेलेली एक आहे, खुनी कोण ते मला आजतागायत माहीत नाही. हिंदीवाले सरळ 'लुगदी साहित्य' म्हणतात. आपण 'लगदा साहित्य' का म्हणू नये?

खडूस
कारण कुणी वाचणार नाही.

शब्दवेडी
पिवळं पडतं म्हणून 'पिवळी पुस्तकं' म्हणा म्हणणार होते, पण मराठीत पिवळं पुस्तक म्हणजे गादीखाली ठेवायचं. गंमत बघा, इटालियन लोक रहस्यकथेलाच 'जाल्लो' म्हणजे पिवळी म्हणतात, 1929 पासून एका प्रकाशकाने पिवळ्या वेष्टनात काढल्या म्हणून. रंग तोच, आणि इटलीतला माणूस ते पुस्तक आईसमोर वाचतो.

जुना पाना
'रहस्यकथा' शब्दात लगद्याचा वासच नाही ही माझी तक्रार. फार सोवळा शब्द आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड वाचताना आम्ही 'रहस्यकथा वाचतोय' असं कधी म्हटलं नाही. 'अर्नाळकर वाचतोय' म्हणायचो. लेखकाचं नावच त्या प्रकाराचं नाव झालं होतं.

हलंत
आणि त्याची टर उडवणाऱ्या नाटकाला 'प्रहसन' म्हणावं. दशरूपकांतलं आहे.

विंगेतून
'फार्स' म्हणू द्या हो. दीडशेहून जास्त वर्षं मराठी रंगभूमीवर आहे तो शब्द, आता त्याचा जातीचा दाखला मागू नका. आणि मूळ फ्रेंच अर्थ काय, तर सारण. धर्मनाटकांच्या मध्ये भरायचं म्हणून. आपल्याकडेही आधी पौराणिक नाटकाच्या शेवटी शेपूट म्हणूनच जोडायचे.

शब्दवेडी
पण हे नाटक फार्स नाही ना. फार्समध्ये माणसं खरी घाबरतात, कपाटात लपतात. इथे नटी ऑक्टोपस स्वतः गुंडाळून घेते. इंग्रजीत याला 'कॅम्प' म्हणतात, सूझन सोंटॅगचा 1964चा निबंध आहे त्यावर. अतिरेकावर, खोटेपणावर जीव जडलेला असणं. त्याला मराठीत शब्द सुचवा कुणीतरी. 'बटबटीत' म्हटलं की नुसता दोष होतो, त्यातलं प्रेम जातं. मला 'आचरट' जवळचा वाटतो. आचरट म्हणताना आपण निम्मे हसत असतो.

खडूस
आचरट हा पोराला म्हणायचा शब्द आहे.

शब्दवेडी
म्हणूनच तर. पोराचे लाड चाललेले असतात आणि तोंडाने आचरट म्हणतो. अगदी तेच आहे.

अनुस्वार
मग पाटीवर 'आचरट!' लिहा ना. प्रेक्षक वाचतील आणि तसंच ओरडतील. क्रियापदाच्या मागे लागू नका. इंग्रजी पाटी आवाजाचं नाव सांगते, मराठी पाटीने आवाजच सांगावा. 'अरेऽऽऽ' किंवा 'आचरट!'

कोटीभास्कर
मला कुणी आचरट म्हटलेलं चालेल, पण चारशे जणांनी एकदम?

तिसरी घंटा
अनुस्वारांचं पटलं, पण अर्धंच. काल 'अरेऽऽऽ' पाटी करून पाहिली. पुढच्या तीन रांगांनी आवाज काढला, अगदी हवा तसा, ओढलेला आणि खालपर्यंत गेलेला. मागच्यांनी अवग्रह इंग्रजी एस समजून 'अरेसस' म्हटलं. दिग्दर्शकाला तेच आवडलं. तो म्हणतो राहू दे. मी म्हणते नको. संहितेत अजून कंस रिकामा आहे. आणि 'हिस्स'ची पाटी बाकीच आहे. 'फूत्कारा' लिहिलं तर खलनायक करणारा मुलगा हसतो.

पीजेवाला
हिस्ससाठी 'हुर्यो' लिहा. मला तर वाटतं हुर्यो हा हुर्रेचाच उलटा झालेला भाऊ आहे.

हलंत
काहीही.

जुना पाना
हुर्यो 'उडवली' की 'उडवला'? माझी आजी 'उडवला' म्हणायची आणि शाळेत त्यावर माझा अर्धा मार्क गेला होता.

अनुस्वार
उडवली. स्त्रीलिंगी.

खडूस
आमच्याकडे उडवतातच, लिंग बघत नाहीत.