जुने इंजिन आणि नवा क्लच : सुरुवातीला गाडी कशी चालवावी?

प्रश्न (वाईकर):
कूलंट गळून गेल्यामुळे माझ्या अल्टोचे 796 सीसीचे इंजिन तापून निकामी झाले, म्हणून त्याच मॉडेलच्या अपघातग्रस्त गाडीतील चालू इंजिन बसवून घेतले. गिअरबॉक्स उतरवलेलाच असल्यामुळे क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग हे क्लचचे भागही नवे टाकले. पहिले 1,000 किलोमीटर वेग ताशी 40 च्या वर नेऊ नये, असे मेकॅनिकचे म्हणणे आहे. परंतु मला कामासाठी रोज पसरणी घाट चढून पाचगणीला जावे लागते. ही मर्यादा इंजिनासाठी आहे की क्लचसाठी?

उत्तर (गॅरेज_सातारा):
आपले इंजिन उघडून नव्या पिस्टन रिंगा (पिस्टनभोवतीची कडी) टाकल्या आहेत का, हे प्रथम विचारून घ्यावे. नव्या रिंगा सिलिंडरच्या खरखरीत भिंतीवर घासून बसाव्या लागतात. जुन्या इंजिनात हे काम केव्हाच पार पडलेले असते, त्यामुळे ते न उघडता बसवले असेल, तर 40 च्या मर्यादेला काही आधार नाही. रिंगा नव्या असल्या तरी सतत हळू चालवणे हिताचे नसते, कारण ज्वलनाच्या दाबानेच त्या भिंतीला नीट टेकतात. अशा वेळी मध्यम भार द्यावा, वेग बदलता ठेवावा आणि इंजिन फार वेगाने फिरवू नये.

जपायचे आहे ते क्लचला. नव्या प्लेटचे अस्तर फ्लायव्हीलवर (इंजिनासोबत फिरणाऱ्या जड चकतीवर) सुरुवातीला सगळीकडे सारखे टेकत नाही, त्यामुळे उंचवट्यांवरच सगळी उष्णता साठते आणि अस्तर जळून गुळगुळीत झाले की क्लच घसरू लागतो. साधारण 500 ते 800 किलोमीटर गावातल्या रहदारीत, वारंवार गिअर बदलत गाडी चालवणे उत्तम; महामार्गावरच्या किलोमीटरांचा यासाठी फारसा उपयोग नाही, कारण तिथे क्लच क्वचितच दाबला जातो. शक्य असल्यास तोवर घाट टाळावा. जावेच लागले, तर वळणाआधीच खालचा गिअर टाकावा, पेडलवरून पाय पूर्ण काढावा आणि चढावर थांबल्यास गाडी हाफ क्लचवर न धरता हँडब्रेकवर धरावी. जळका वास आला, तर थांबून क्लच थंड होऊ द्यावा.

उत्तर (कृष्णाकाठ):
वरील उत्तराशी मी सहमत आहे, मात्र माझ्या मते खरी चिंता इंजिनाच्या पूर्वेतिहासाची असावी. दात्या गाडीतले ऑइल किती जुने होते हे कुणालाच ठाऊक नसते, म्हणून ऑइल आणि फिल्टर बदलले नसतील तर लगेच, आणि 500 किलोमीटरांनी पुन्हा एकदा बदलावे. या इंजिनाला टायमिंग बेल्ट (झडपांची उघडझाप वेळेवर ठेवणारा पट्टा) असतो; तो नवा टाकल्याची खात्री करून घ्यावी. क्रँकशाफ्टचे (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचे) मागचे ऑइल सील गळू लागले, तर तेल थेट नव्या क्लच प्लेटवर जाते, त्यामुळे गिअरबॉक्सच्या जोडाखाली ओल दिसते का, ते रोज पाहावे. कूलंटची पातळी इंजिन थंड असतानाच तपासावी. अल्टोचा क्लच केबलचा आहे. प्लेट झिजत जाते तसे पेडलचे मोकळे अंतर (क्लच सुटू लागण्याआधी पेडल जेवढे सैल दबते ते) कमी होते, म्हणून पहिल्या सर्व्हिसिंगला ते पुस्तिकेप्रमाणे लावून घ्यावे.

उत्तर (पुणे_आरसी):
इंजिन क्रमांक बदलला असल्यामुळे मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे आरटीओला कळवून आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) नवी नोंद करून घेणे आवश्यक आहे. इंजिनाचे बिल आणि दात्या गाडीची कागदपत्रे विक्रेत्याकडून आताच मागून घ्यावीत, आणि विमा कंपनीलाही नवा क्रमांक लेखी कळवावा.