सेकंडहँड बाजारात सात सीटरच जास्त का दिसतात?

टिळकवाडीकर: काल इथं कुणीतरी लिहिलं, "बेळगावात खानापूर रोडला जुन्या गाड्यांत बघावं तिथं महिंद्राची सात सीटर एक्सयूव्ही ५००. चांगली असती तर लोकांनी विकली असती काय?" वाचून डोकं फिरलं. अहो, २०११ पासून दहा वर्षं ती खपली. जे खपतं तेच विकायला येतं. २०२१ ला नवी एक्सयूव्ही ७०० आली आणि पाचशेवाल्यांना आपली गाडी रातोरात म्हातारी वाटायला लागली. कर्ज पाच-सात वर्षांचं, ते फिटलं की माणूस नवीन बघतोच. शिवाय दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेलला २०१५ मध्ये हरित लवादानं बंदी घातली. तिकडच्या गाड्या दक्षिणेकडं येणारच की.

शहापुरी: लवाद ठेवा बाजूला, खिशाचं बोला. माझीपण सात सीटर. कुठली ते सांगत नाही, मालक लोक अंगावर येतात. ८० हजार किलोमीटरला क्लच, मग टर्बो. बिल बघून बायको म्हणाली, एवढ्यात म्हैस आली असती. आणि तिसऱ्या सीटवर सहा वर्षांत बसलंय कोण? पंढरपूरला जाताना एकदा मेव्हणा, गुडघे हनुवटीला लावून. एरवी तांदळाचं पोतं.

निपाणीकर: मेव्हण्याला इनोव्हात बसवायचं होतं. ती स्वस्तात मिळते काय बघा बाजारात.

शहापुरी: मिळते की! यल्लो बोर्डची, म्हणजे टॅक्सीत पळालेली, व्हाइट बोर्ड करून खाजगी केलेली. मीटर किती वेळा मागं फिरवला ते देवाला ठाऊक.

खानापूरचा जावई: खरी गोम पासिंगची आहे. आपल्याकडं कर्नाटकात १० ते २० लाखांच्या गाडीला १७ टक्के रोड टॅक्स, वर सेस. तिकडं महाराष्ट्रात डिझेलला १४. मग कोल्हापूरच्या मामाच्या नावावर तिथल्या एमएच-०९ नंबरची घ्यायची. विकताना एनओसी आणा, इथला टॅक्स भरा. घेणारा पळून जातो, गाडी तिथंच उभी.

निपाणीकर: एमएच-०९ आम्ही अभिमानानं घेतो. टॅक्ससाठी नव्हे.

खानापूरचा जावई: अभिमान नेमका तीन टक्क्यांचा निघाला! बारा महिन्यांवर इथं ठेवली तर नंबर बदलायचा कायदा आहे, तो मामाला सांगितलाय काय?

निपाणीकर: तोंड सांभाळून बोला. १९५६ पासून भांडतोय आम्ही, आरटीओच्या पावतीसाठी नव्हे. तुमच्यासारखे जावई इकडं येऊन कायदा शिकवणार?

टिळकवाडीकर: ओ, सीमाप्रश्न नंबरप्लेटवर सोडवू नका. धागा गाड्यांचा आहे.

शहापुरी: मग टर्बोचं उत्तर द्या की.

टिळकवाडीकर: बरं बाबा, मान्य. वॉरंटी संपली की खर्च अंगावर यायच्या आत विकणारे असतात. झालं समाधान? खरं, त्यानं गाडी भंगार ठरत नाही. सर्व्हिस वेळेवर करत नसाल तर टर्बो काय करणार?

शहापुरी: एवढा विश्वास आहे तर माझीच घ्या. केए-२२, म्हणजे बेळगाव पासिंग, एकच मालक, टर्बो नवा, तिसरी सीट कोरी.

टिळकवाडीकर: फोटो टाका. खरं, पोतं काढून.