फुप्फुसातून लालभडक रक्त आणणाऱ्या वाहिनीला 'नीला' का म्हणायचं?

शब्दवेल्हाळ:
हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर घरी जाणाऱ्या पेशंटसाठी एक माहितीपत्रक मराठीत करते आहे आणि पहिल्याच परिच्छेदात अडकले आहे. हृदयाकडून फुप्फुसांकडे जाणारी मोठी वाहिनी एका ठिकाणी 'फुप्फुसरोहिणी' आहे, दुसरीकडे 'फुप्फुसधमनी'. फुप्फुसांकडून परत येणारी ती 'फुप्फुसनीला'. पण शाळेत आपण घोकलं ते असं, की रोहिणीत शुद्ध रक्त आणि नीलेत अशुद्ध. इथे तर नेमकं उलटं आहे. मग नाव चुकलंय की व्याख्या? आणि धमनी-शीर, रोहिणी-नीला यांतली कोणती जोडी घेऊ? वाचणारा सातवी-आठवी शिकलेला असेल असं धरलंय.

खडू-फळा:
व्याख्या चुकली आहे. हृदयापासून दूर जाते ती धमनी, हृदयाकडे येते ती शीर. आत कसलं रक्त आहे, हे विचारायचंच नाही. उजव्या निलयातून, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यातून, फुप्फुसांकडे निघते ती धमनीच, फक्त तिच्यातलं रक्त अंगभर ऑक्सिजन वाटून आलेलं असतं. फुप्फुसांतून डाव्या अलिंदात, म्हणजे वरच्या कप्प्यात, उतरणाऱ्या शिरांत मात्र लालभडक रक्त. नाळेतही हाच प्रकार: बाळाकडून वारेकडे जाणाऱ्या दोन धमन्यांत काळपट रक्त, वारेकडून बाळाकडे येणाऱ्या एका शिरेत लाल. वर्गात मी आधी बाण काढायला लावायचो, रंगीत खडू नंतर.

पाणिनीचा शेजारी:
शरीरशास्त्रापुरतं मास्तरांचं म्हणणं मान्य, पण हे शब्द काही त्या व्याख्येतून जन्मलेले नाहीत. 'धमनी' आली 'ध्मा' धातूवरून, म्हणजे फुंकणे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात एका ओळीत तिन्ही शब्द फोडून दिलेत: ध्मानाद् धमन्यः, स्रवणात् स्रोतांसि, सरणात् सिराः. फुंकल्यासारखी भरते ती धमनी, पाझरतं ते स्रोत, जिच्यातून सरकत जातं ती शीर. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला बोट ठेवा, पहिल्या शब्दाची सार्थकता बोटाला कळेल.

मौज म्हणजे ग्रीकांनाही धमनीत वाराच दिसला. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला वैद्य एरासिस्ट्रेटस धमन्यांत हवा असते असं मानायचा. मेल्यावर धमन्या बऱ्याचशा रिकाम्या सापडतात आणि रक्त शिरांत साठलेलं असतं, त्यामुळे असा समज होणं साहजिकच.

आता रोहिणी-नीला. रोहिणी म्हणजे तांबडी. पण सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात या दोघीही शिराच आहेत! वात वाहणाऱ्या अरुणा, पित्ताच्या नीला, कफाच्या गौरी आणि रक्ताच्या रोहिणी. आपल्या परिभाषेत त्यांतल्या दोघींना वेगळ्याच कामाला जुंपलं गेलं. रंगावरून ठेवलेलं नाव फुप्फुसापाशी येऊन तोंडावर आपटतं, हे तुम्ही अचूक पकडलंत. माझं मत धमनी-शीर या जोडीला.

जाता जाता: 'रक्ताभिसरण' हा शब्दही मला अर्धाच वाटतो. अभिसरण म्हणजे कशाच्या तरी दिशेनं जाणं. अभिसारिका त्याच धातूची. ती निघते एवढंच शब्द सांगतो, परतते की नाही याबद्दल चकार नाही. आणि विल्यम हार्वे या इंग्रज वैद्यानं १६२८ मध्ये मांडलं ते परतण्याबद्दलच. अर्ध्या तासात हृदय जेवढं रक्त ढकलतं, त्याची बेरीज अख्ख्या शरीरातल्या रक्तापेक्षा जास्त होते. एवढं नवं रक्त खाल्लेल्या अन्नातून तयार होणं शक्य नाही, म्हणजे तेच फिरून येत असणार. धमनीतून शिरेत ते नेमकं कसं उतरतं, हे मात्र त्याला दिसलं नव्हतं. १६६१ मध्ये माल्पीघी या इटालियन वैद्यानं सूक्ष्मदर्शकाखाली धमन्यांना शिरांशी जोडणाऱ्या बारीक केशवाहिन्या पाहिल्या, त्याही बेडकाच्या फुप्फुसात.

रविवारचं मटण:
दुकानात कलेजी मागितली की यकृत मिळतं. 'काळीज' मुळात तेच, हृदय हा अर्थ नंतर चिकटला. तेव्हा 'काळजाचा ठोका चुकला' म्हणणाऱ्याला आधी विचारा, ठोका नक्की कुठला. पत्रकात हा शब्द नको.

रात्रपाळी:
वॉर्डात 'धमनी' कुणीच म्हणत नाही. सलाइन लावताना 'नस सापडत नाही', मान आखडली की 'नस दबली', पोटरीत गोळा आला की 'शीर चढली'. नस आणि शीर या शब्दांत आपण रक्तवाहिनी, मज्जातंतू, स्नायूबंध सगळं कोंबलंय. म्हणून नुसतं 'शीर' न लिहिता 'रक्ताची शीर' लिहा.

आणि हात जोडून सांगते, 'अशुद्ध रक्त' काढून टाका. नातेवाईक विचारतात, रक्त अशुद्ध म्हणजे इन्फेक्शन का? मग रक्तशुद्धीचा काढा सुरू. आराम करत असलेल्या निरोगी माणसाच्या हृदयाकडे परतणाऱ्या रक्तातसुद्धा हिमोग्लोबिनवर साधारण ७५ टक्के ऑक्सिजन शिल्लक असतो. फुप्फुसांतून निघताना तो ९७-९८ होतो. बस, फरक एवढाच. टाकाऊ द्रव्यं गाळायचं काम मूत्रपिंडांकडे आहे. निळं तर ते कधीच नसतं. रक्त तपासायला घेताना सिरिंजकडे बघा, गडद लाल दिसेल.

माझा खरा वैताग 'छातीत पाणी झालंय' या वाक्यावर आहे. हृदयाची डावी बाजू थकली की पुढे न गेलेलं रक्त मागे तुंबतं, आणि मागे असतात फुप्फुसं. तिथल्या केशवाहिन्यांतला दाब वाढतो, पाणी वायुकोशांत, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या इवल्या पिशव्यांत, झिरपतं. आडवं झालं की धाप लागते, माणूस रात्री उशांचा ढीग करून बसून काढतो. हे एक पाणी. फुप्फुसाभोवतीच्या आवरणात साठतं ते दुसरं. दुसरं सुई घालून काढता येतं, पहिलं नाही, त्याला लघवी वाढवणारी औषधं लागतात. दोन्हींना आपण एकच नाव दिलंय, म्हणून पहाटे तीन वाजता मुलगा भांडायला येतो, 'शेजारच्यांचं पाणी काढलं, आमच्या आईचं का नाही काढत?' 'हार्टचा पेशंट, मग फुप्फुसाचा एक्स-रे कशाला?' हाही प्रश्न रोजचाच. जमलं तर पत्रकात 'फुप्फुसाच्या आत झिरपलेलं पाणी' असं पूर्ण लिहा.

शब्दवेल्हाळ:
ताई, हे सोन्यासारखं मिळालं. मग 'शुद्ध' ऐवजी 'प्राणवायूयुक्त'?

रात्रपाळी:
ऑक्सिजनच लिहा. कोविडमध्ये आजीसुद्धा बोटाला चिमटा लावून 'ऑक्सिजन किती?' विचारायला शिकल्या.

खडू-फळा:
सहमत. त्या चिमट्यालाही धमनीच लागते बरं का. ठोक्यागणिक मागेपुढे होणारा प्रकाश तेवढा तो मोजतो, शिरेतलं संथ रक्त वगळतो.

आणखी एक. 'बीपी १२० बाय ८०' म्हणतो तो डाव्या बाजूनं अंगभर पाठवलेल्या रक्ताचा दाब. फुप्फुसधमनीत तो २५ बाय १० च्या आसपास. मिनिटाला जाणारं रक्त दोन्हीकडे तेवढंच, आरामात सुमारे पाच लिटर. पण फुप्फुस शेजारीच आणि वाट मोकळी, म्हणून उजव्या निलयाची भिंत पातळ. वायुकोशाची भिंतही इतकी नाजूक, की १२० चा दाब तिला सोसणार नाही. तेव्हा कुठे 'फुप्फुसातला दाब वाढला' असं लिहायचं असेल तर 'हा बीपीच्या यंत्रावर दिसत नाही' हे जोडा, नाहीतर पेशंट घरचं मशीन बघून निर्धास्त राहील.

शब्दवेल्हाळ:
आत्ताचा मसुदा: 'अंगभर ऑक्सिजन देऊन आलेलं रक्त हृदयाच्या उजव्या बाजूला येतं. तिथून ते फुप्फुसधमनीतून फुप्फुसांत जातं, ऑक्सिजन घेतं आणि रक्ताच्या शिरांवाटे डाव्या बाजूला परततं. तिथून ते पुन्हा अंगभर जातं. वाटेतल्या झडपा त्याला मागे फिरू देत नाहीत.' 'झडप' कळेल ना?

पाणिनीचा शेजारी:
उत्तम. फक्त एकवचनी 'शिरा' कुठे राहू देऊ नका, तो साजूक तुपातला.

रात्रपाळी:
झडप कळते, पण पहिल्यांदा येईल तिथे 'झडप, म्हणजे व्हॉल्व्ह' असं लिहा. पेशंट त्याला 'वॉल' म्हणतात, नळाचा असतो तसा. गेल्या आठवड्यात एक काका सगळ्यांना सांगत होते, 'माझा वॉल बदलला', आणि त्यांच्या इंजिनिअर जावयाला कळेना की सासऱ्यांच्या घराची कुठली भिंत पाडली.