विनंत्यांची वही: कॉलेजात प्रार्थनेला बसायचात का? अनुभव सांगा

शरणपूरची लेक
परवा माळा काढला. पावसाळ्याआधी काढायचा होता, पण तो येऊन अर्धा झाला तेव्हा मुहूर्त लागला. तर ट्रंकेत तळाशी आमची विनंत्यांची वही सापडली. दोनशे पानी, वर स्केचपेनने 'प्रार्थना' आणि खाली कुणीतरी 'उघडू नये' लिहिलेलं, म्हणजे सगळ्यांनी उघडलेली. १९९८ ते २००१.

नाशिकला कॉलेज रोडला होते तेव्हा आम्ही सात-आठ जण दर बुधवारी मधल्या सुट्टीत सायकल स्टँडच्या मागे बसायचो. ग्रुपला नाव नव्हतं, लोक 'बुधवारवाले' म्हणायचे. एक जण बायबलमधला शास्त्रपाठ वाचायचा, एक गाणं व्हायचं, तेही हळू, कारण स्टँडवाले काका खुर्चीत झोपलेले. मग वही फिरायची. ज्याची त्याने विनंती लिहायची, उत्तर मिळालं की लाल पेनाने बरोबरची खूण.

काल रात्री दीडपर्यंत वाचत बसले. 'अकाउंट्सचा विषय निघू दे.' खूण. 'एसटीचा पास हरवलाय.' खूण, आणि पुढे 'दप्तरातच होता'. 'तिने हो म्हणावं', अक्षर ओळखलंय पण नाव सांगणार नाही, तो आता चर्चचा पाळक आहे आणि बायको दुसरीच आहे. आणि 'पप्पांची दारू सुटू दे' हे ओळीने सहा बुधवार आहे. सातव्या बुधवारपासून नाही. खूणही नाही.

लेक यंदा पुण्याला गेली शिकायला. ती म्हणे मम्मी वही कसली, आमचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, विनंती टाकली की पाच मिनिटांत चाळीस जोडलेले हात येतात. असो. तुम्ही कुठे बसायचात, होस्टेलवर, गच्चीवर, कुठल्याही मंडळीचे, म्हणजे चर्चचे असा, नसाल तरी लिहा.

सिडकोकर
सलाम ताई. स्टँडवाले काका झोपलेले नसायचे हो!! एकदा आमचं गाणं तिसऱ्या कडव्याला अडकलं, सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतायत, तर काकांनी डोळे मिटूनच पुढची ओळ सांगितली. मखमलाबादचे माळकरी माणूस, दरवर्षी वारीला जायचे आणि आमची अख्खी गाणी पाठ.

शरणपूरची लेक
अरे तू?? तू कॉमर्सचा ना, लुनावाला

सिडकोकर
लुना माझ्या भावाची. मी ढकलायला

फोडणीचा_भात
मी ख्रिस्ती नाही, मैत्रीण होती म्हणून शेजारी जर्नल पूर्ण करत बसायचे. ते आमेन म्हणाले की मी पण म्हणायचे, तेवढंच. पण सवय लागली ना! लग्नानंतर पहिल्याच सत्यनारायणाला आरती संपली आणि माझ्या तोंडून मोठ्ठ्याने आमेन. सासूबाई आजतागायत सांगतात सगळ्यांना.
आणि डिसेंबरातला डबा! करंज्या, शंकरपाळे, अनारसे. आमचा दिवाळीचा फराळ संपून तोंड उतरलेलं असायचं तेवढ्यात यांचा नाताळचा सुरू.

देवळाली कॅम्प
अनारसे जाळीदार यायला काय करता? माझे हसतात तुपात, फुटून विरघळतात

फोडणीचा_भात
पीठ मुरू दे अजून, साखर जास्त झाली असेल. गूळ घालून बघ

गंगापूर रोड
मी नोकरी करत मुक्त विद्यापीठातून बीए केलं. आमचं कसलं कॅम्पस, विद्यापीठ तिकडे गोवर्धनला आणि आम्ही अभ्यासकेंद्राच्या बाकावर. संपर्क सत्रं रविवारी, म्हणजे बरोबर उपासनेच्या वेळेला!! तीन वर्षं मंडळीत 'हल्ली दिसत नाही' ऐकलं. मग आम्ही चौघी निघालो तसल्या, एक वडाळ्याची, एक ओझरची, एक सिन्नरहून यायची आणि मी. डबा खायच्या आधी जिन्यात उभ्याउभ्या दहा मिनिटं. कुणाचं पोर आजारी, कुणाला साहेब सुट्टी देत नाही. एकीला नवऱ्याने परीक्षेला बसू दिलं नव्हतं आदल्या वर्षी, ती प्रार्थनेत काही बोलायचीच नाही, नुसती हॉलतिकीट हातात धरून उभी राहायची. पास झाली. आता ती बालवाडी चालवते.

हॉस्टेलची गच्ची
मेडिकलला होतो. आमच्याकडे ई.यू. होती, म्हणजे इव्हँजेलिकल युनियन. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही देशभरातली विद्यार्थ्यांची चळवळ आहे, १९५४ पासूनची, यूईएसआय म्हणतात. त्यातलं मला आवडलेलं म्हणजे पोरंच चालवतात. मोठा माणूस असतो तो बाजूला बसतो, फारतर चहाचे पैसे देतो. आमच्यात निम्मे मल्याळी, दोन तेलुगू, मी एकटा मराठी. प्रार्थना ज्याच्या त्याच्या भाषेत, त्यामुळे तीन वर्षं एक मित्र माझ्यासाठी काय मागत होता ते मला आणि मी त्याच्यासाठी काय मागत होतो ते त्याला कळलेलं नाही 😂 शेवटच्या वर्षी त्याने मराठीत प्रार्थना केली. 'हे प्रभू, याला थोडी अक्कल दे.' एवढंच शिकला होता.

जुनं नाशिक
ताईंच्या नावातच शरणपूर आहे तर राहवत नाही. आपण शरणपूर रोडने रोज जातो पण तिथे विद्यार्थी आणि प्रार्थना हे प्रकरण किती जुनं आहे माहितीय? १८५० च्या दशकात मिशनऱ्यांनी ती वसाहत केली आणि अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे शिकायला ठेवली. सुतारकाम, लोहारकाम, वाचन, उपासना. त्यातलाच जेकब वेनराईट. आफ्रिका धुंडाळणारे मिशनरी लिव्हिंगस्टन १८७३ ला तिथेच वारले तेव्हा हृदय तिथेच झाडाखाली पुरलं, त्या वेळी दफनविधीची उपासना वाचली ती या आपल्या शरणपूरच्या विद्यार्थ्याने. झाडावर नाव कोरलं तेही त्यानेच. मग सोबत्यांनी शव खांद्यावरून समुद्रापर्यंत नेलं, आणि एप्रिल १८७४ ला लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये अंत्ययात्रेत हा हजर. आणि लक्ष्मीबाई टिळक इथल्याच जलालपूरच्या, त्यांचं तर

जुनं नाशिक
अर्धवट गेला मेसेज. बायको म्हणतेय गॅस संपलाय ते बघा आधी. येतो

सिडकोकर
सर गॅस बघा 😂 पण हे शाळेत का नाही सांगितलं कुणी

नाशिकरोडकर
आम्ही कॅथलिक, आमचं सगळं फेब्रुवारीत. बाळ येशूची यात्रा आणि परीक्षा दोन्ही डोक्यावर. सीबीएस बसस्टँडपासून रात्री चालत निघायचो नाशिकरोडला, हातात मेणबत्ती आणि खिशात फॉर्म्युल्यांचा कागद. द्वारका चौकापर्यंत भक्ती, पुढे पाय दुखणं

नाव नको
सगळ्यांच्या गोड आठवणी वाचल्या. माझी नाही. कुठलं कॉलेज, कुठली मंडळी लिहीत नाही. मी विश्वासाने एक विनंती सांगितली होती, घरातली, बहिणीबद्दल. बुधवारी सांगितली आणि रविवारी उपासनेनंतर तीन काकू माझ्या आईला विचारायला आल्या. प्रत्येकीने सुरुवात 'आम्ही प्रार्थना करतोय हं' अशीच केली. आई वर्षभर चर्चला गेली नाही. मी अजून प्रार्थना करते, पण एकटी. ताई, ती वही कुणाला दाखवू नका.

शरणपूरची लेक
तुमचं वाचून कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. खरं सांगायचं तर मी काल तीन पानांचे फोटो काढले होते, जुन्या ग्रुपवर टाकायला. आता काढून टाकले. वर दारूचं लिहिलं तेही लिहायला नको होतं, नाव नसलं तरी.

सिडकोकर
ताई ते राहू दे. ते माझंच आहे.

सिडकोकर
सातव्या बुधवारी लिहिलं नाही कारण सोमवारी पप्पा गेले. लिव्हर. तुम्ही सगळे आला होतात घरी, तुला आठवत नसेल, तू आईला पोळ्या लाटून दिल्या होत्यास आणि एकही गोल नव्हती.

शरणपूरची लेक
पोळ्या आठवतात रे. वहीतलं तुझं हे मला माहीतच नव्हतं, अक्षर ओळखलं नाही

सिडकोकर
डाव्या हाताने लिहायचो ते. ओळखू येऊ नये म्हणून

हॉस्टेलची गच्ची
🙏

शरणपूरची लेक
वही तुला देऊ का? का ठेवू माझ्याकडेच

सिडकोकर
तुझ्याकडे राहू दे. माझ्याकडे पोरं चित्रं काढतील त्यात. बुधवारी कॉलेज रोडला येतोय बँकेत, तेवढी पानं बघून जाईन

देवळाली कॅम्प
वहीत कडुनिंबाचा पाला ठेव गं, कसर लागते. आणि गुळाचे अनारसे जमले, फक्त काळे झालेत

जुनं नाशिक
गॅस आला. तर लक्ष्मीबाईंचं सांगत होतो