मदत हवी आहे: मिलोस (ग्रीस) इथे समुद्रात पोहणे, कयाक, पॅडलबोर्ड

निळाई: ऑगस्टमध्ये मिलोसला जातोय. आम्ही दोघं, आठ वर्षांची लेक आणि सासूबाई. पोहता येतं, पण तरण तलावातच. साराकिनिकोच्या पांढऱ्या खडकांच्या किनाऱ्यावर पाण्यात उतरायचंय, पॅडलबोर्डही (उभं राहून वल्हवायची फळी) करायचाय. काय सांभाळावं?

खलाशी_४२: ताई, किनारा आदल्या दिवशी ठरवू नका, सकाळी वारा बघून ठरवा. ऑगस्टमध्ये तिथे उत्तरेचा मेल्तेमी नावाचा जोरदार वारा वाहतो, कधी कधी सलग काही दिवस. अंदाज बोफर्टमध्ये (वाऱ्याच्या जोराचं माप) देतात. ५ बोफर्ट म्हणजे १७ ते २१ नॉट (ताशी साधारण ३१ ते ३९ किमी), एवढ्या वाऱ्यात नवख्याने बोर्ड काढूच नये.

साराकिनिकोचं तोंड उत्तरेला. मेल्तेमी असेल तेव्हा लाटा खडकांमधल्या चिंचोळ्या खाचेत घुसून दोन्हीकडून आपटतात. उतरायला जमतं, बाहेर पडायला नाही, कारण ओला पांढरा खडक निसरडा असतो. त्या दिवशी नुसते फोटो काढा.

मग सगळे दक्षिणेच्या फिरिप्लाका, प्रोवातास या किनाऱ्यांवर जातात. पोहायला ते बरोबरच आहे, पण बोर्ड आणि हवेच्या ट्यूबसाठी खरा धोका तिथेच आहे. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. काठाशी आडोसा असल्याने पाणी सपाट दिसतं. थोडं पुढे गेलं की वारा पकडतो आणि बाहेर ओढतो. लेकीला ट्यूबवर बसवू नका. वाहून चाललेल्या चेंडूमागे कुणीही पोहत जायचं नाही, गेला तर गेला.

बोर्डवर लीश (बोर्डाला बांधलेली दोरी) घोट्याला आणि लाइफ जॅकेट अंगावर हवंच. ओढले जाताय असं वाटलं की लगेच गुडघ्यांवर बसा, तरीही जमेना तर पोटावर झोपून हातांनी वल्हवा. उभं शरीर शिडासारखं वारा धरतं. बोर्ड सोडून पोहत काठ गाठायचा प्रयत्न मात्र करू नका, बोर्डच तुम्हाला तरंगत ठेवतो.

मीठपाणी: लेकीचं जॅकेट तपासताना खांद्यांच्या पट्ट्या धरून वर उचला. हनुवटीवर सरकलं तर मोठं आहे. मांड्यांमधून जाणारा पट्टा असलेलं घ्या.

खडकांवर सी अर्चिन (काटेरी गोळ्यासारखे समुद्री जीव) असतात, रबरी तळाचे पाण्यातले बूट सगळ्यांना घ्या. जेलीफिश डसली तर जागा समुद्राच्याच पाण्याने धुवा, गोड्या पाण्याने नाही, आणि चोळू नका. वाळूत लपणाऱ्या वीव्हर माशाचा विषारी काटा लागला तर पाय सोसेल तितक्या गरम पाण्यात निदान अर्धा तास ठेवा. पाणी आधी दुसऱ्याने हाताने बघावं, नाहीतर भाजतं.

सासूबाईंना प्रोवातास बरं, वाळू आणि उथळ पाणी. त्सिग्रादो किनाऱ्यावर दोर-शिडीने उतरावं लागतं, तिथे नकोच.

निळाई: खूप आभार! क्लेफ्तिकोच्या समुद्री गुहांकडे कयाकने (वल्ह्याची छोटी होडी) जावं का? विम्यात हे सगळं येतं का?

खलाशी_४२: कयाकने गाइडबरोबरच, तेही वारा कमी असेल तर. तुम्हा चौघांना बोटच सोयीची. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय कव्हर लागतं, पण काही पॉलिसींत वॉटर स्पोर्ट्स वगळलेले असतात. अपवादांचं पान वाचा आणि कंपनीकडून ईमेलवर लेखी घ्या. फोनमध्ये ११२ आणि ग्रीक तटरक्षक दलाचा १०८ टाकून ठेवा.